क्वेरी पॅरामीटर: फिल्टर लावलेली लिंक दुसऱ्याकडे गेली की का बिघडते?
(ही सदस्यांमधली चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायवाट
बाजार समित्यांचे दर दाखवणारं पान आहे. त्यावर जिल्हा, शेतमालाचा गट, तारीख आणि पान क्रमांक असे फिल्टर आहेत, शिवाय एक शोधाचा चौकोन. निवडलेलं सगळं यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात, राहावं आणि ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर समोरच्याला नेमके तेच दर दिसावेत, एवढं हवं आहे. ब्राउझरमध्ये साधी जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर सध्या पीएचपी ही भाषा, पुढे जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवर जायचं ठरलं आहे. अडचणी अशा:

१) "डाळी & कडधान्ये" हा गट निवडला की सर्व्हरपर्यंत फक्त "डाळी" पोचतं.
२) वेळेसकट तारीख पाठवली (शेवटी +05:30) की सर्व्हर ती नाकारतो.
३) दोन जिल्हे निवडले तर दुसऱ्याचेच दर येतात.
४) "कैऱ्या" हा शोध काही फोनवरून चालतो, काहींवरून शून्य निकाल.

लिंक स्ट्रिंग जोडून बनवली आहे: पत्ता, मग "?जिल्हा=", मग निवडलेलं नाव, मग "&गट=" वगैरे. इथे नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती रोमन आहेत.

अर्धविराम
पहिल्या दोन अडचणींचं मूळ त्या जोडाजोडीतच आहे.

आरएफसी ३९८६ या वेब पत्त्यांच्या मानकाप्रमाणे पहिल्या प्रश्नचिन्हापासून # पर्यंत, किंवा # नसेल तर शेवटपर्यंत, जे असतं ती क्वेरी. तिच्या आत & ने जोड्या वेगळ्या होतात आणि पहिल्या = ने नाव व मूल्य वेगळं होतं. अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक पॅरामीटर. तुमच्या गटाच्या नावातलं & या जोड्या तोडणाऱ्या & पेक्षा वेगळं आहे हे सर्व्हरला कळायला काही मार्ग नाही. त्याने "डाळी" इथे मूल्य संपवलं आणि "कडधान्ये" नावाचा एक रिकामा पॅरामीटर नव्याने धरला. सर्व्हरवर आलेली सगळी क्वेरी छापून बघा, तो तिथे दिसेल.

चाचणीत हे सुटून जातं, त्याला कारण आहे. कच्ची स्ट्रिंग ब्राउझरला दिली तर देवनागरी अक्षरं आणि मोकळी जागा तो स्वतःच एन्कोड करतो, म्हणजे % असलेल्या सांकेतिक रूपात बदलतो. त्यामुळे "नाशिक", "कांदा" सगळं नीट चालतं आणि एन्कोडिंग झालं आहे असा समज होतो. पण &, + आणि # यांना तो हात लावत नाही, कारण ती चिन्हं व्याकरणाची म्हणून मुद्दाम ठेवलेली असू शकतात. # तर सगळ्यांत वाईट. "वाण #3" असं मूल्य आलं की त्यापुढचं काहीही सर्व्हरकडे जातच नाही, तो भाग ब्राउझर स्वतःकडे ठेवतो.

उपाय: स्ट्रिंग जोडणं पूर्ण बंद. यूआरएल ऑब्जेक्ट बनवा, त्याच्या सर्चपॅराम्सवर "सेट" वापरून एकेक मूल्य द्या आणि शेवटी पूर्ण पत्ता मागून घ्या. & चं %26, # चं %23, % चं %25 आपोआप होतं. हातानेच करायची वेळ आली तर प्रत्येक मूल्यावर एन्कोडयूआरआयकंपोनंट चालवा. एन्कोडयूआरआय नको. ते पूर्ण पत्त्यासाठी आहे आणि &, =, ?, #, + तसेच सोडतं.

मधली_ओळ
वरच्याला जोडून, यूआरएलसर्चपॅराम्स (वरचं सर्चपॅराम्स याच प्रकारचं) वापरताना अडखळायला होतं त्या जागा:

पूर्ण पत्ता थेट त्याला देऊ नका. तो सुरुवातीचं एक प्रश्नचिन्ह तेवढं काढतो. पूर्ण पत्ता दिला तर पहिल्या पॅरामीटरचं नाव "एचटीटीपीएस" पासून सुरू होतं आणि "गेट", म्हणजे नावावरून मूल्य काढणारी पद्धत, नल (काहीच नाही) देतं.

ऑब्जेक्टमधून बनवताना अनडिफाइंड (न दिलेलं) मूल्य गळत नाही, "अनडिफाइंड" हा शब्दच लिंकमध्ये उतरतो. नलचंही तेच. आधी गाळून घ्या.

"गेट" ने मिळालेलं मूल्य आधीच डीकोड झालेलं असतं. त्यावर पुन्हा डीकोडयूआरआयकंपोनंट चालवलं आणि मूल्य "100%" असलं, तर यूआरआयएरर येऊन स्क्रिप्ट थांबते. याची उलट बाजू म्हणजे दोनदा एन्कोड करणं. लिंकमध्ये %2520 दिसलं की समजा, मोकळ्या जागेचं %20 झालं आणि मग त्यातल्या % चं पुन्हा %25 झालं. एन्कोड एकदा, अगदी शेवटच्या टप्प्यावर. डीकोड एकदा, अगदी पहिल्या टप्प्यावर.

अर्धविराम
आता +05:30. आरएफसी ३९८६ मध्ये + ला मोकळ्या जागेचा अर्थ नाही. तो अर्थ एचटीएमएल फॉर्मच्या एन्कोडिंगमधून आला आहे. जवळजवळ सगळ्या सर्व्हर भाषा क्वेरी फॉर्मच्याच नियमाने वाचतात, म्हणून तुमची वेळ " 05:30" अशी, मध्ये मोकळी जागा घेऊन पोचते आणि तारखेचा पार्सर ती नाकारतो. भारताचा वेळफरक अधिक असल्यामुळे आपल्याकडे हे हमखास होतं. फोन नंबरमधलं +91 आणि बेस-६४ मजकुरातलं + यांचंही हेच होतं. सर्चपॅराम्सने लिंक बनवली की + नीट एन्कोड होतो आणि प्रश्न मिटतो.

पण तुम्हाला वेळ पाठवायचीच कशाला? दर दिवसाचे आहेत. 2025-01-15 एवढंच पाठवा. फक्त ते जावास्क्रिप्टच्या डेटला जसंच्या तसं देऊ नका. निव्वळ तारीख असलेली स्ट्रिंग तो यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतो. भारतात त्याचे पहाटेचे साडेपाच होतात आणि तारीख बरोबर दिसते, पण अमेरिकेतून पान उघडणाऱ्याला आदला दिवस दिसेल. स्ट्रिंग तोडून वर्ष, महिना, दिवस वेगळे घ्या.

मधली_ओळ
मोकळ्या जागेबद्दल एक भर. सर्चपॅराम्स मोकळ्या जागेचा + करतो, एन्कोडयूआरआयकंपोनंट %20 करतं. वेब सर्व्हरला दोन्ही चालतात. पण लिंक एखाद्या ॲपसाठी असेल तर %20 च द्या. आयओएसचं यूआरएलकंपोनंट्स + ला अधिक चिन्हच मानतं. यूपीआयची पैसे देण्याची लिंक किंवा क्यूआर कोड सर्चपॅराम्सने बनवला आणि दुकानाचं नाव दोन शब्दांचं असलं, तर काही ॲपमध्ये नावाच्या मधोमध + दिसू शकतो. तयार झालेल्या स्ट्रिंगमधला प्रत्येक + बदलून %20 करणं सुरक्षित आहे, कारण मूल्यातला खरा + तोवर एन्कोड झालेला असतो.

आणि सही केलेल्या लिंकांना, म्हणजे स्टोरेजमधली फाइल ठरावीक वेळ उघडी करणाऱ्या लिंकांना, सर्चपॅराम्सने एकही पॅरामीटर जोडू नका. एक जोडला तरी पूर्ण क्वेरी नव्याने लिहिली जाते, आधीचे %20 सगळे + होतात. शिवाय सही मूळ पॅरामीटरांवर केलेली असते, तिच्यात नवा पॅरामीटर बसत नाही. असल्या लिंकांना हातच लावायचा नाही.

नऊ_बाइट
जिल्ह्याचं नाव मूल्य म्हणून पाठवता आहात, ते मला पटत नाही.

यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. प्रत्येक बाइटला % आणि दोन हेक्स अंक, म्हणजे एका चिन्हाला लिंकमध्ये ९ अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. "पुणे" ४ चिन्हं, ३६ अक्षरं. "गडचिरोली" ८ चिन्हं, ७२ अक्षरं. "छत्रपती संभाजीनगर" १६ चिन्हं, १४४ अक्षरं आणि वर मधली मोकळी जागा. पॅरामीटरचं नावही "जिल्हा" ठेवलं तर आणखी ५४. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलून व्हॉट्सॲपवर टाकली की लोकांना हा टक्क्यांचा ढीग दिसतो आणि लिंक संशयास्पद वाटून उघडली जात नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नावं बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावर बांधलेल्या जुन्या लिंका त्या दिवशी तुटतात. ३६ जिल्हे आहेत. प्रत्येकाला न बदलणारा छोटा कोड द्या, नाव डेटाबेसच्या तक्त्यात राहू दे. शेतमालाच्या गटालाही तसंच. मग & चा प्रश्न त्या पॅरामीटरपुरता उद्भवणारच नाही.

पायवाट
कोड पटला. पण लिंक बघून "नाशिक, कांदा" हे वाचता यावं असंही वाटतं. मराठी वाचकांसाठी पान आहे, पत्त्यात मराठी का नको?

नऊ_बाइट
हवं असेल तर ते प्रश्नचिन्हाच्या आधीच्या भागात, पाथमध्ये ठेवा, आणि तेही फक्त शोभेपुरतं. सर्व्हरने निर्णय कोडवर घ्यायचा. नाव जुनं किंवा चुकीचं असेल तर कोड बघून नव्या पत्त्यावर ३०१ ने (कायमचं दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या उत्तराने) पाठवायचं. क्वेरीतलं मराठी मी फक्त शोधाच्या शब्दासाठी ठेवेन, कारण तो वापरणाऱ्याचा स्वतःचा मजकूर आहे.

लांबीची मर्यादाही लक्षात असू द्या. अपाचेत विनंतीच्या पहिल्या ओळीची मर्यादा मुळात ८१९० बाइटची असते, एनजिनएक्समध्ये त्या ओळीसाठीचा मोठा बफर ८ किलोबाइटचा. ओलांडली की ४१४, म्हणजे पत्ता फार लांब असल्याची त्रुटी. आठ हजार म्हणजे भरपूर वाटतात, पण ९ ने भागा: जेमतेम ९०० देवनागरी चिन्हं. तक्रार अर्जाचा मजकूर किंवा दीडशे गावांची यादी क्वेरीत घालायचा विचार असेल तर पोस्ट (मजकूर पत्त्याबाहेर पाठवणारी विनंती) वापरा.

अर्धविराम
पाथच्या बाबतीत थोडं वेगळं मत. शोभेचं नाव ठेवलं की कॅनॉनिकल टॅग (मुख्य पत्ता कोणता हे सांगणारा), ३०१, जुनी नावं हा सगळा पसारा कायम सांभाळावा लागतो. छोट्या पानाला मी नुसता कोड ठेवेन आणि वाचनीयता शीर्षकात आणीन. व्हॉट्सॲपच्या पूर्वदृश्यात "नाशिक : कांदा, १५ जानेवारी" दिसलं की काम झालं. त्यासाठी ओजी-टायटल हा मेटा टॅग सर्व्हरवरून, फिल्टरप्रमाणे भरून द्यावा लागेल. जावास्क्रिप्टने नंतर भरलेलं पूर्वदृश्याला मिळेल हे धरून चालू नका.

सुलटा_क्रम
तिसरी अडचण, दोन जिल्ह्यांची. एकच नाव दोनदा आलं तर काय करायचं हे कुठल्याही मानकात सांगितलेलं नाही, त्यामुळे प्रत्येकाची चाल वेगळी:

पीएचपी शेवटचं मूल्य ठेवतं. सगळी हवी असतील तर नावापुढे [] लावावं लागतं.
जँगोचं "गेट" शेवटचं देतं, "गेटलिस्ट" सगळी. [] ला तिथे काही अर्थ नाही, ते नावाचाच भाग ठरतं.
फ्लास्क या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कचं "गेट" पहिलं देतं.
जावा सर्व्लेटचं गेटपॅरामीटर पहिलं, आणि ब्राउझरमधल्या सर्चपॅराम्सचं "गेट"ही पहिलंच.
जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेस या सर्व्हर फ्रेमवर्कमध्ये एकदा आलं तर स्ट्रिंग, दोनदा आलं तर ॲरे (यादी). स्ट्रिंग धरून लिहिलेला कोड कोणी मुद्दाम दोनदा पाठवलं की कोसळतो.

म्हणजे तुमच्या पानावर ब्राउझर पहिला जिल्हा दाखवेल आणि पीएचपी दुसऱ्याचे दर देईल. हे सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट आहे. पुढचा फायरवॉल पहिलं मूल्य तपासतो, मागचा कोड शेवटचं वापरतो आणि तपासणी वाया जाते. २००९ पासून याला एचटीटीपी पॅरामीटर पोल्यूशन म्हणतात.

पीएचपीवरून जँगोवर जायचं आहे, तर [] च्या वाटेला जाऊ नका, पाठवलेल्या जुन्या लिंका नंतर त्रास देतील. कोड एकाच मूल्यात टिंबाने जोडा. स्वल्पविरामही चालतो, पण सर्चपॅराम्स त्याला एन्कोड करतो. टिंब, हायफन, अंडरस्कोअर आणि तारका ही चार चिन्हं तो तशीच ठेवतो, म्हणून लिंक स्वच्छ दिसते. सर्व्हरवर टिंबावर तोडायचं, प्रत्येक तुकडा ३६ च्या यादीत आहे का बघायचं, नसेल तो टाकायचा. पीएचपीत नावातलं टिंब मात्र अंडरस्कोअर होतं, म्हणून टिंब मूल्यात ठेवा, नावात नको. ; हे चिन्ह विभाजक म्हणून कुठल्या जुन्या लेखात सुचवलेला दिसला तर सोडून द्या. एचटीएमएल ४ च्या काळात & ऐवजी तो चालावा अशी शिफारस होती. पायथन आणि गो दोघांनी २०२१ मध्ये ती वाट बंद केली.

नऊ_बाइट
चौथी अडचण खास आपल्या भाषेची आहे आणि तिच्यावर फार कमी लिहिलं जातं, म्हणून सविस्तर.

"कैऱ्या" डोळ्यांना एकच दिसतं, पण तीन प्रकारे टाइप झालेलं असू शकतं. एक, ऱ हे एकसंध चिन्ह, मग हलन्त, मग या: एकूण ६ चिन्हं. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त, मग या: ७ चिन्हं. तीन, साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह), मग या: हीसुद्धा ७. कुठलं उमटेल ते कीबोर्डवर ठरतं. डेटाबेसमध्ये पहिलं असेल आणि लिंकमधून तिसरं आलं, तर जुळणीच होत नाही. लिंकमधली टक्क्यांची लांबी मोजा: पहिल्याला ५४ अक्षरं, बाकी दोघांना ६३. कुठला फोन काय पाठवतो ते लॉगमध्ये लगेच कळेल.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावलं तर दुसरं रूप पहिल्यात बदलतं. तिसरं बदलत नाही, ते हाताने बदलावं लागतं: र, हलन्त, जोडक हा क्रम दिसला की ऱ आणि हलन्त. तसंच "ॲप" चं. ॲ हे स्वतंत्र चिन्ह आहे. अ, जोडक आणि चंद्र मिळूनही तेच दिसतं आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. हा बदल आधी करा, मग उरलेले शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजक काढा, मग दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटा. हे सगळं शोधाच्या शब्दावर आणि डेटाबेसमधल्या शोधासाठीच्या रकान्यावर, दोन्हीकडे एकाच फंक्शनने झालं पाहिजे. दाखवायचा मजकूर मूळ तसाच ठेवा.

सुलटा_क्रम
याच जातीचा देवनागरी अंकांचा घोळ पान क्रमांकात होतो. कोणी पत्त्यात ?पान=२ असं हाताने लिहिलं तर पायथनचं इंट त्याचे 2 करतं, जावाचं पार्सइंटही करतं. जावास्क्रिप्टचं नंबर एनएएन (अंक नाही) देतं आणि पीएचपीचं इंट-कास्ट 0 देतं. पायथनच्या रेजेक्समधला अंकांचा वर्गसुद्धा देवनागरी अंक स्वीकारतो, जावास्क्रिप्टचा नाही. दोन्हीकडे एकच नियम हवा: आधी देवनागरी अंक बदलून घ्या, मग फक्त 0 ते 9 स्वीकारा.

आणि पॅरामीटर नसणं, रिकामा असणं, शून्य असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नसलेल्याला सर्चपॅराम्सचं "गेट" नल देतं, रिकाम्याला रिकामी स्ट्रिंग, आणि नंबर दोघांचंही 0 करतं. पायथनचं पार्स-क्यूएस रिकामी मूल्यं मुळात गाळूनच टाकतं. "फॉल्स" ही स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये खरी ठरते. म्हणून वाचण्याचं काम एकाच फंक्शनमध्ये ठेवा: त्याने क्वेरी घ्यायची आणि तपासलेलं, योग्य प्रकाराचं, नसलेल्या जागी मूळ (डीफॉल्ट) मूल्यं भरलेलं ऑब्जेक्ट द्यायचं. पान 1 पेक्षा लहान असेल तर 1. दर पानी ओळींना कमाल मर्यादा, नाहीतर कोणीतरी दहा लाख मागेल. क्रम लावायचा रकाना नेहमी ठरलेल्या यादीतूनच. ऑर्डर बाय (एसक्यूएलमधला क्रम लावणारा भाग) याच्या पुढच्या रकान्याच्या नावाला प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं (मूल्यं वेगळी पाठवण्याच्या पद्धतीचं) संरक्षण मिळत नाही.

पायवाट
हे सगळं वाचून लिंक बनवणं आणि वाचणं दोन फंक्शनांत वेगळं काढतोय. बॅकचं बटण अजून नीट चालत नाही. शोधात पाच अक्षरं टाइप केली की पाच वेळा मागे जावं लागतं.

मधली_ओळ
टाइप होत असताना रिप्लेसस्टेट (इतिहासातली चालू नोंद बदलणारं), आणि तेही २००-३०० मिलिसेकंद थांबून. जिल्हा किंवा गट बदलला की पुशस्टेट (नवी नोंद घालणारं). थोड्या वेळात फार वेळा बोलावलं तर ब्राउझर स्वतःच रोखतात. पुशस्टेटने पॉपस्टेट इव्हेंट येत नाही, तो मुख्यतः मागे-पुढे जाताना येतो. म्हणून क्रम असा ठेवा: फिल्टर बदलला, पत्ता बदलला, मग पत्त्यातून वाचून पान रंगवलं. पॉपस्टेटमध्येही तेच वाचण्याचं फंक्शन. फिल्टरची स्थिती दोन ठिकाणी ठेवली की ती कधी ना कधी वेगळी पडतेच.

कुठलाही फिल्टर बदलला की पान क्रमांक काढून टाका. नाहीतर सातव्या पानावरून दोनच पानं असलेल्या निकालावर उडी पडते आणि "दर उपलब्ध नाहीत" दिसतं. मूळ मूल्यं पत्त्यात लिहूच नका, आणि शेवटी सर्चपॅराम्सचं "सॉर्ट" चालवा. कॅश (तयार पानांचा साठा) सहसा पूर्ण क्वेरी स्ट्रिंगवर बसतो, तिथे ?अ=1&ब=2 आणि ?ब=2&अ=1 ही दोन वेगळी पानं ठरतात. जाहिरातींच्या लिंकांना चिकटून येणारे यूटीएम पॅरामीटर कॅशच्या किल्लीतून वगळा.

अर्धविराम
सुरक्षेचं कोणी पुरेसं लिहिलं नाही. क्वेरीतलं सगळं सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये, ब्राउझरच्या इतिहासात आणि पानावरच्या प्रत्येक तिसऱ्या पक्षाच्या स्क्रिप्टला दिसतं. लॉगिन टोकन, मोबाइल नंबर, आधार क्रमांक तिथे कधीच नको. एचटीटीपीएस असलं तरी नको, ते फक्त वाटेत झाकतं.

शोधाचा शब्द पानावर परत दाखवताना टेक्स्टकंटेंटने दाखवा, इनरएचटीएमएलने नाही. लॉगिननंतर परत कुठे जायचं तो पत्ता क्वेरीत असेल तर "/" ने सुरू होतो एवढं बघून सोडू नका. "//" ने सुरू होणारा पत्ता दुसऱ्याच साइटवर नेतो. यूआरएल ऑब्जेक्ट बनवून ओरिजिन (साइटचा मूळ पत्ता) आपलंच आहे का ते ताडा. आणि "हटवा" किंवा "मंजूर करा" हे काम गेटच्या, म्हणजे नुसतं उघडल्याने चालणाऱ्या, लिंकवर ठेवू नका. लिंकांचं पूर्वदृश्य बनवणारे बॉटही ती उघडतात.

पायवाट
शेवटचं एक. जावास्क्रिप्ट बंद असेल तर साधा गेट फॉर्म (रकाने पत्त्यातूनच पाठवणारा) चालावा म्हणून फॉर्मच्या ॲक्शनमध्ये आधीचा जिल्हा क्वेरीत लिहिला होता. फॉर्म पाठवला की तो नाहीसा होतो.

सुलटा_क्रम
गेट फॉर्म पाठवताना ब्राउझर ॲक्शनमधली जुनी क्वेरी पूर्ण टाकतो आणि फॉर्ममधल्या रकान्यांची नवी लिहितो. ठेवायचं ते हिडन इनपुटमध्ये द्या. टिक न केलेला चेकबॉक्स पाठवलाच जात नाही हेही धरून चला. "फक्त आजचे दर" हे मुळात चालू ठेवायचं असेल तर उलट अर्थाचा चेकबॉक्स घ्या, म्हणजे पॅरामीटर नसणं हेच मूळ मूल्य होईल.

चाचणीला ही मूल्यं वापरा, प्रत्येक ब्राउझरमधून पाठवून सर्व्हरवर जशीच्या तशी आली का बघा: "अ & ब", "क+ख", "वाण #3", "100%", "%20" हा शब्दशः मजकूर, "अ=ब", रिकामं, मुळात नसलेलं, एकच नाव दोनदा, "कैऱ्या" तिन्ही रूपांत, पान क्रमांक २ देवनागरीत, आणि मोकळ्या जागा सोडून हजार चिन्हांचा मराठी परिच्छेद. शेवटच्याला ४१४ आलं पाहिजे आणि त्या उत्तरावर काय दाखवायचं तेही ठरलेलं हवं.